साडेचार बोटांचा पंजा

आधी गुन्हा कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा माझ्याविषयी उगाच चांगला समज व्हायला नको. एका बंद पडलेल्या पॉवर हाउसच्या भिंतीवरून माझ्या मेलेल्या जेठांचा हात मी कॉस्टिक सोडा लावून, तारेच्या ब्रशने घासून काढला. आणि साहेबाने "ये किसने साफ किया?" असं विचारलं तेव्हा पदर सावरत, शाळेत पहिला नंबर आल्यासारखी पुढे झाले आणि म्हणाले, "मैंने!" शाळेत माझा पहिला नंबर कधी आला नव्हता. शाळाच सातवीत सुटली. म्हणून असेल, शाबासकीची हाव भारी.

जेठ म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या खानदेशात जेठांपुढे डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून वावरायचं. लग्न होऊन नऊ वर्षं आमच्या खोल्या एकाला एक लागून होत्या, मधे एका विटेची भिंत, तरी त्यांचं तोंड मी सरळ कधी पाहिलं नाही. त्यांना ओळखत होते ती हातांवरून. ताट वाढताना पदराखालून तेवढेच दिसायचे. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. पॉवर हाउसात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याने ते खाल्लं होतं. भाकरी मोडताना ते अर्धं बोट भाकरीपर्यंत पोचायचं नाही, नुसतं हवेत हलायचं. मला हसू यायचं. पदराचा तेवढा एक फायदा, आतून हसता यायचं.

घरातून सुरतेला पहिले तेच आले. नंदुरबारकडून येऊन पॉवर हाउसात कोळशावर लागले, मग धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, लूमवर लावून दिलं. मग आम्ही दोघी जावा आलो. मोठीला मी जिजी म्हणायचे. सासरी आल्यावर मराठी बोलायला मी शिकले, जिजी शिकली नाही. ती आमची अहिराणीच बोलायची, मुकादमाशी, भाजीवाल्याशी, देवाशीसुद्धा. समोरचा गुजराती बोलायचा, ही अहिराणी, आणि भाव मात्र बरोबर ठरायचा.

जेठ संध्याकाळी घरी येत तेव्हा ते माणूस आहेत की कोळशाचं पोतं, ते डोळे उघडल्यावर कळायचं. त्याआधीच जिजीने दारात तीन विटांवर तेलाचा पत्र्याचा डबा चढवलेला असायचा. बारा महिने, वैशाखात सुद्धा, कढत पाणी. कोमट पाण्याने कोळसा निघत नाही, म्हणायची. पाण्यात आधी स्वतःचं बोट बुडवून बघायची आणि बोट झटकन बाहेर आलं की मगच हाक मारायची, "या." दारात दुसरं काही बोलताना मी त्यांना फारसं ऐकलं नाही. त्यांचा सगळा संसार त्या डब्यात उकळायचा.

पॉवर हाउसात बाईमाणसाला आत जायला मिळत नसे. जे काही कळायचं ते जेठ जिजीला सांगत आणि भिंतीला कान लावून मी ऐके. त्यातच मला दसऱ्याचं कळलं. दसऱ्याला बॉयलरची पूजा व्हायची, नारळ फुटायचा, आणि बॉयलरवरचा प्रत्येक माणूस गेरू-तेलात उजवा हात बुडवून शेजारच्या भिंतीवर पंजा उमटवायचा. ह्या वर्षीचा पंजा गेल्या वर्षीच्या शेजारी. जो कामावरून गेला किंवा जगातून गेला, त्याची ओळ तिथे थांबायची. पुढे पॉवर हाउस बंद पडलं, माणसं लूममध्ये, हिऱ्यात, चलथाणच्या साखर कारखान्यात पांगली. जेठांना तेवढं राखणदार म्हणून ठेवलं. तरी दर दसऱ्याला ते एकटेच आत जाऊन बॉयलरला कुंकू लावत आणि पंजा उमटवून येत. जिजीने एकदा हसून विचारलं, "बंद यंत्रनी कसानी पूजा?" ते म्हणाले, "यंत्र बंद शे. मी चालू शे ना."

मग ताप आला. त्या तापाचं नाव सगळ्या जगाला माहीत झालं. सुरतेबाहेर आम्ही कुठे राहतो ते सांगायची सोय उरली नाही. तोंडाला फडकं बांधून माणसं गावं सोडावीत तशी शहर सोडून निघाली. आम्हा दोघींना पोरांसकट गावी पाठवलं. आमचे हे थांबले आणि जेठ थांबले. कुलूप त्यांच्या हातात होतं, ते कुणाला देणार?

पाचव्या दिवशी जेठ गेले. ताप कसला होता ते कुणी नीट सांगितलं नाही. त्या आठवड्यात ताप म्हटलं की एकच ताप. दवाखान्यातून गाडी परस्पर स्मशानात गेली. आमच्या ह्यांना लांब दोरीपलीकडे उभं केलं. त्यांनी भावाला धुराइतकंच पाहिलं. मागे राहिलेल्या माणसांनी भीतीपोटी जेठांच्या खोलीतलं अंथरूण, कपडे आणि पत्र्याची पेटी बाहेर काढून जाळली. जेठांचा एकुलता एक फोटो, लग्नातला, त्या पेटीत होता.

आम्ही परतलो तेव्हा खोलीला चुना मारला होता आणि दारात पांढरी पावडर. तीन विटा तेवढ्या जागच्या जागी होत्या. जिजी त्या विटांपाशी बसली. रडली नाही. एकच म्हणत राहिली, "आंघोय बी नही. शेवटनी आंघोय बी नही." आमच्याकडे माणूस गेला की अंगणात चूल मांडून पाणी तापवतात, बायका पाणी आणून देतात, पुरुष अंघोळ घालतात. नेहमी कढत पाण्याने नाहणारा माणूस तसाच, गाडीतल्या कापडात, न नाहता गेला, हे तिला सहन होत नव्हतं. मरण सहन झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, काहीच सहन होत नव्हतं, पण बोलता येण्यासारखं एवढंच होतं.

त्या तापानंतर सुरतेला स्वच्छतेने झपाटलं. रोज रस्ते धुतले जात, गटारं उपसली जात. आणि ज्या बाईची गोष्ट मी सांगतेय, तीस वर्षांची ती शहाणी, ती तर गावात कुणी नाही एवढी झपाटली. भीतीने. उंबरा दिवसातून तीनदा धुवायची. तुळशीची पानं फडक्याने पुसायची. शेजारणीची बकरी साबण लावून धुतली आणि बकरी दोन दिवस शेजारणीशी बोलली नाही, माझ्याशी तर नाहीच. एकदा लोखंडी तव्यावरचा काळा थर घासून घासून काढला, तवा चांदीसारखा झाला, आणि पुढे आठवडाभर भाकरी चिकटत राहिली. तेव्हाच कळायला हवं होतं की प्रत्येक काळं म्हणजे घाण नव्हे. पण अक्कल म्हणजे काय तव्यावरचा थर आहे, घासला की सापडेल?

दोन वर्षांनी बातमी आली की पॉवर हाउस पाडायचं नाही, त्याचं सांस्कृतिक भवन करायचं. जिथे यंत्रं होती त्या मोठ्या हॉलमध्ये नाटकं आणि गाण्याचे कार्यक्रम होणार, कोळशाच्या कोठारात चित्रं लागणार. वस्तीत सगळे हसले. जिथे दोन माणसांना ओरडूनही एकमेकांचं ऐकू येत नसे, तिथे आता गाणी ऐकायची! गॅसने यंत्रं कापून भंगारात गेली, कबुतरं उडाली, आणि साफसफाईला बायका पाहिजेत असं मुकादम वस्तीत सांगत आला. मी पहिली.

कामावर जायच्या आदल्या दिवशी जिजी माझ्या खोलीत आली. ती सहसा यायची नाही, भिंतीवर वाजवून बोलवायची. म्हणाली, "तू आत जाशी ना? बॉयलरना भीतवर तेस्ना हात शेत. देखी ठेव. माले एकदाव देखाडजो. मना कडे काय बी नही व माय."

मी म्हटलं, "हो जिजी, त्यात काय!" त्यात काय, हे माझं तेव्हाचं आवडतं वाक्य होतं.

आत गेले आणि पहिले आठ दिवस नुसती वर बघत राहिले. एवढं मोठं घर देवाचंही पाहिलं नव्हतं. छत कुठेतरी काळोखात होतं. राख अशी होती की पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत. आम्ही सहा बायका, नाकाला फडकी, राख भरायची, टोपली डोक्यावर, बाहेर खड्ड्यात. मी हात शोधत होते. पण माझ्या डोक्यात जे हात होते ते देवीच्या देवळाबाहेर असतात तसे, लालभडक, नीट, पाच बोटं पसरलेले. तसं काही कुठे दिसलं नाही. बॉयलरजवळच्या भिंतीवर काळसर तपकिरी, तेलकट डाग होते, एकावर एक चढलेले, वरून कोळशाची पूड आणि यंत्रं कापतानाची काजळी. पान-मसाल्याच्या पिचकाऱ्या वाटाव्यात असे.

मुकादमालाही तसंच वाटलं. त्याने बोट दाखवलं. "बेन, आ भींत चकचकाट जोइए. काले साहेब लोको आवे छे." उद्या साहेब येणार, भिंत चकचकीत हवी होती.

पौषातले दिवस होते. नळाचं पाणी बर्फासारखं. बादलीत सोडा घातला, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि सुरू झाले. बाकीच्या बायका जेवायला बसल्या तरी मी उठले नाही. मुकादम जाता येता बघत होता आणि मला ते कळत होतं. काम संपल्यावर चार बायकांना भवनात कायमचं ठेवणार असं त्याने सांगितलं होतं.

आता जे लिहिते ते मी कितीतरी वर्षं कुणालाच सांगितलेलं नाही, एका माणसाशिवाय. सोड्याने आधी काजळी निघते. गेरू नंतर. त्यामुळे मधे एक घटका अशी येते की वरचं काळं गेलेलं असतं आणि खालचं अजून असतं. तशी ती घटका आली. भिंतीतून हात वर आले. एकामागून एक, रांगेने, जणू कुणी पलीकडून टेकले होते. वरच्या ओळी दाट होत्या. सगळ्यात खालची ओळ एकट्या हाताची, एकाशेजारी एक, प्रत्येकात करंगळीशेजारचं बोट अर्धं.

मी ओळखलं. ज्या हाताला नऊ वर्षं ताट वाढलं तो मी ओळखणार नाही?

ब्रश थांबला नाही. थांबवायला किती वेळ लागतो? पण मुकादम मागे उभा होता, अर्धी भिंत पांढरी आणि अर्धी लाल अशी दिसत होती, आणि मला वाटलं, हे असं अर्धवट टाकलं तर काय म्हणेल. बस, एवढंच वाटलं. मोठं पाप करताना माणसाच्या मनात मोठं काही असतं, हे खोटं आहे. माझ्या मनात अर्धवट काम होतं. मी आणखी एक तांब्या थंड पाणी मारलं. लाल ओघळ पायापर्यंत आले आणि राखेत जिरले.

मुकादम म्हणाला, "आ बेन तो मशीन छे, मशीन!" आणि ती मूर्ख बाई हसली.

दुसऱ्या दिवशी आर्किटेक्ट साहेब आले. तरुण होते, गळ्यात कॅमेरा. थेट त्या भिंतीशी गेले आणि उभे राहिले. मग विचारलं, "ये किसने साफ किया?" पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. माझं "मैंने!" एवढ्या मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये तीनदा घुमलं. साहेब माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते तिथेच उलट्या बादलीवर बसले आणि म्हणाले, "यहाँ मज़दूरों के हाथ थे. वही रखने थे. मैं आज फोटो लेने आया था." मुकादम म्हणाला की त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते खरं होतं. मला मात्र सांगितलं होतं.

घरी आल्यावर जिजीने भिंत वाजवली. "देखा का?" मी अलीकडूनच म्हटलं, "नाहीत गं जिजी. कधीचेच गेले असतील, ओलीने."

काही आठवड्यांनी साहेबांनी पेंटर आणला आणि त्या भिंतीवर पुन्हा पंजे काढायला लावले. पेंटरने पुठ्ठ्यात एक हात कापला होता. पुठ्ठा टेकवायचा, रंग मारायचा, पुढे सरकायचं. एकच हात, भिंतभर. मी चहा द्यायच्या निमित्ताने त्याच्यापाशी गेले आणि म्हटलं, "भाऊ, खालची एक ओळ साडेचार बोटांची काढ ना." तो खो खो हसला. "बेन, लोको कहेशे के पेन्टरने हाथ दोरता नथी आवडतो." म्हणजे, लोक म्हणतील पेंटरला हात काढता येत नाही. का काढायचा ते मी सांगितलं असतं तर त्याने काढलाही असता. पण मग ते बोट ओळखूनही मी घासलं, तेही सांगावं लागलं असतं.

परवा माझी नात तिथे नाटक बघून आली. मोबाइलमध्ये फोटो दाखवला, त्या भिंतीवरच्या एका पंजावर हिचा पंजा. "आजी, बघ, बरोब्बर बसतो!" बसणारच. तो कुणाचाच नाही ना.

पण मी मधेच पुढे गेले. पंजे काढून झाले आणि माझ्या डोक्यात दुसरा मूर्खपणा शिजला. मी जिजीला जाऊन सांगितलं, "अगं, सापडले! काजळीखाली होते. उद्घाटनाला चल." तिच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, बघ, एका खोट्यात किती पुण्य असतं.

उद्घाटनाच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. त्या संध्याकाळी दोनदा तोंड धुतलं होतं तिने. भवनाच्या चिमणीला दिव्यांच्या माळा, दारात रांगोळी, आत शाळेतल्या मुलींचा गरबा. सफाईच्या बायकांना मागच्या भिंतीशी उभं राहायची मुभा होती. भाषणं झाली. अंधारात पडलेलं हे पॉवर हाउस आता उजेड देईल, असं एकजण म्हणाला. टाळ्या पडल्या. जन्मभर ते उजेडच देत होतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

गर्दी पांगल्यावर मी तिला भिंतीपाशी नेलं. वरून छोटे दिवे सोडले होते, पंजे छान लालभडक दिसत होते. माझ्या डोक्यात होते तसे. जिजी हलक्या आवाजात म्हणाली, "कोनता?"

मी खालच्या ओळीतला एक दाखवला. "हा बघ. आणि हा, आणि हा."

ती वाकली. हात लावला नाही. तर्जनी भिंतीपासून थोडी दूर धरून तिने मोजलं. अंगठ्यापासून सुरुवात केली आणि करंगळीवर आली. मग शेजारच्या पंजाची मोजली. मग त्याच्या शेजारच्या. मला पळून जावंसं वाटत होतं आणि पाय राखेत रुतल्यासारखे झाले होते, तिथे राख उरली नव्हती तरी. तीन पंजे मोजून ती सरळ झाली, लुगड्याचा पदर नीट केला आणि बाहेर निघाली.

जिथे राखेचा खड्डा होता तिथे आता हिरवळ लावली होती. तिच्या कडेच्या पायरीवर ती बसली. मी खालच्या पायरीवर. आतून कुणीतरी बाजा लावून बघत होतं, सूर जमत नव्हता. मी सांगायला सुरुवात केली. आधी म्हटलं मला कळलंच नाही, डाग वाटले, मुकादमाने सांगितलं. मग म्हटलं, पाणी मारलं तेव्हा हात वर आले होते. मग म्हटलं, अर्धं बोट मी पाहिलं होतं जिजी, पाहिलं आणि तरी घासलं. एवढं बोलायला किती वेळ गेला कोण जाणे. चिमणीवरच्या माळा विझवायला माणूस आला आणि गेला.

मला वाटलं ती मारेल. मारावं असंही वाटलं. ती माझ्या हातांकडे बघत होती. सोड्याने तेव्हा माझ्या बोटांची सालं निघालेली असायची. तिने माझा उजवा हात उचलून मांडीवर घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि नंतर जन्मभर त्या गोष्टीवर एक अक्षर काढलं नाही. त्या पायरीवर जे विचारलं तेवढंच.

"तेस्नी शेवटनी आंघोयनं पानी माले तपाडाले भेटनं नही. ती आंघोय तूच घाली. खरं सांग, पानी ऊन व्हतं का थंड?"